खेळाचा कर्ता आणि खेळाचा मालक

पुस्तक हातीं घेतलें कीं आपण प्रथम लेखकाचें नांव पाहतों. नाटकाची जाहिरात वाचतांना नाटककार कोण आणि पदांच्या चाली कोणाच्या, हें कळल्यावांचून आपलें समाधान होत नाहीं. परंतु आपल्या घरांतील मुलें, आणि हल्लीं पुष्कळ घरांतून मुलांचे वडीलहि, ज्या व्हिडिओ गेममध्यें रोज तास दोन तास रमून जातात, तो खेळ कोणी रचला असा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. विचारलाच, तर उत्तर म्हणून एखाद्या कंपनीचें नांव सांगितलें जातें. खेळाला मालक असतो हें सर्वांस ठाऊक आहे. त्याला कर्ताहि असतो, याचा मात्र विसर पडलेला आहे. हा विसर कसा पडला, गेल्या पन्नास वर्षांत या धंद्यांतील लहान कंपन्या मोठ्या कंपन्यांच्या पोटांत कशा गेल्या, आणि त्यामुळें नव्या कल्पनांचें काय झालें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

सगळा इतिहास सांगावयाचा तर एक भाषण पुरणार नाहीं. म्हणून आपण एकाच कंपनीचें चरित्र घेऊं. ॲक्टिव्हिजन हें तिचें नांव. कर्त्याच्या नांवासाठीं भांडून ती जन्मास आली, पुढें स्वतःच मोठी मालक झाली, आणि शेवटीं आपणाहून मोठ्या मालकाच्या हातीं गेली. त्यामुळें तिच्या एकटीच्या हकीकतींत सगळ्या धंद्याची हकीकत येऊन जाते.

आरंभ मात्र तिच्या आईच्या घरापासून केला पाहिजे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांत १९७२ सालीं नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनीं अटारी नांवाची कंपनी काढली. त्याच वर्षीं तिनें ‘पाँग’ हा खेळ बाजारांत आणला. पडद्यावर दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्यें इकडून तिकडे टोलविला जाणारा एक ठिपका, एवढेंच त्याचें स्वरूप. पण नाणें टाकून चालणाऱ्या त्या यंत्रांपुढें लोकांची रीघ लागली. १९७६ सालीं वॉर्नर कम्युनिकेशन्स या चित्रपटांचा व ध्वनिमुद्रिकांचा व्यापार करणाऱ्या बड्या कंपनीनें अटारी सुमारें २ कोटि ८० लाख डॉलरांस विकत घेतली. या भांडवलाच्या बळावर दुसऱ्याच वर्षीं घरच्या टेलिव्हिजनला जोडतां येईल असें अटारीचें यंत्र निघालें. यंत्र एकदां घ्यावयाचें, आणि नवा खेळ हवा असेल तर त्याचा निराळा डबा आणून त्यांत बसवावयाचा. या डब्याला आपल्याकडे पुढें ‘कॅसेट’ म्हणण्याची चाल पडली.

त्या काळीं एक खेळ बहुधा एकच माणूस रचीत असे. कल्पना त्याची, चित्रें त्याचीं, आवाज त्याचे, आणि यंत्राला कळतील अशा आज्ञा लिहिण्याचें कामहि त्याचेंच. कॅसेटमध्यें जागा केवढी, तर बहुधा २ किंवा ४ किलोबाइट. आजच्या फोनमधील एका छायाचित्राच्या सुमारें हजाराव्या हिश्श्याएवढी. इतक्या तुटपुंज्या जागेंत खेळ बसविणें हें तांदळाच्या दाण्यावर अक्षरें लिहिण्यासारखें कौशल्याचें काम होतें. परंतु डब्यावर नांव छापलें जाई तें अटारीचें. करणाऱ्याचें नांव कोठेंहि नसे.

याचा एकानें मोठा गमतीदार सूड घेतला. वॉरन रॉबिनेट या रचनाकारानें आपल्या ‘ॲडव्हेंचर’ नांवाच्या खेळांत वरिष्ठांस न कळवितां एक गुप्त दालन करून ठेवलें. भिंतीच्या रंगांत मिसळून गेलेला एक ठिपका हुडकून काढावयाचा व तो योग्य जागीं न्यावयाचा; म्हणजे वाट मोकळी होऊन, हा खेळ वॉरन रॉबिनेटनें केला आहे, अशीं अक्षरें पडद्यावर झळकत. एका मुलानें हें गुपित शोधून काढून कंपनीला पत्र लिहिलें, तेव्हां कोठें कंपनीला त्याचा पत्ता लागला. आणि तोंवर रॉबिनेट नोकरी सोडून गेलेला होता. देवळाच्या एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यांत पाथरवटानें आपलें नांव कोरून ठेवावें, त्यांतलाच हा प्रकार.

दुसऱ्या चौघांनीं मात्र गुप्त दालनावर समाधान मानलें नाहीं. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर व बॉब व्हाइटहेड हीं त्यांचीं नांवें. क्रेन यांनीं पुढें सांगितलेली हकीकत अशी, कीं कोणत्या खेळाचा किती खप झाला याचें एक टिपण कंपनींत फिरलें. त्यावरून हिशेब करतां, एकूण विक्रीपैकीं निम्म्याहून अधिक विक्री या चौघांच्याच खेळांची असल्याचें दिसलें. त्यांनीं अध्यक्षांकडे जाऊन नांव आणि नफ्यांत थोडा वांटा मागितला. कारखान्यांत कॅसेट जुळविणारे कामगार जितके महत्त्वाचे तितकेच तुम्ही, अशा अर्थाचें उत्तर त्यांना मिळालें. कामगाराचें मोल कमी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ग्रंथ रचणें आणि ग्रंथ बांधणें हीं दोन निराळीं कामें आहेत, एवढें त्या उत्तरांत ध्यानीं घेतलेलें नव्हतें. चौघे बाहेर पडले, आणि १९७९ च्या ऑक्टोबरांत जिम लेव्ही यांच्या साहाय्यानें त्यांनीं ॲक्टिव्हिजन स्थापन केली.

आपणां मराठी माणसांस ही कथा अपरिचित वाटूं नये. १९१३ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळींतून बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. कलावंताच्या अंगीं जें असतें तें मंडळीच्या पेटाऱ्यांत कुलूप लावून ठेवतां येत नाहीं. तें त्याच्याबरोबर चालूं लागतें.

नव्या कंपनीनें खेळाच्या वेष्टनावर कर्त्याचें नांव छापलें, आणि सोबतच्या पुस्तिकेंत त्याचा फोटो व दोन शब्द दिले. अटारीनें दावा लावला. तो १९८२ सालीं आपसांत मिटला. यंत्र एकाचें असलें तरी त्यावर चालणारा खेळ दुसऱ्या स्वतंत्र कंपनीनें करण्याची वाट त्यामुळें कायमची मोकळी झाली. त्याच वर्षीं क्रेन यांचा ‘पिटफॉल’ निघाला. जंगलांतून धांवणारा, दोरीला लोंबकळून खड्डे ओलांडणारा तो चिमुकला वीर चाळीस लाखांहून अधिक कॅसेटांच्या रूपानें घरोघर पोहोंचला.

अटारीचें पुढें काय झालें तेंहि ऐकण्यासारखें आहे. १९८२ च्या नाताळाच्या बाजारासाठीं ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटावर खेळ हवा, असें वरून ठरलें. चित्रपटाचे हक्क मोठ्या किंमतीस घेतले. परंतु खेळ रचणाऱ्या हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांच्या वांट्यास अवघे पांच आठवडे आले. लाखों कॅसेटा काढल्या गेल्या आणि त्यांतील पुष्कळशा पडून राहिल्या. न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो गांवाजवळ १९८३ सालीं त्या इतर न खपलेल्या मालाबरोबर जमिनींत पुरल्या. २०१४ सालीं उत्खनन करून त्या वर काढण्यांत आल्या. बाजार निकस खेळांनीं भरून गेला होता. अमेरिकेंतील घरगुती खेळांच्या धंद्याचें उत्पन्न १९८३ च्या सुमारें ३ अब्ज डॉलरांवरून १९८५ पर्यंत १० कोटींच्या घरांत आलें, आणि १९८४ सालींच वॉर्नरनें अटारीचा घरगुती विभाग विकून टाकला. नांव मोठें होतें, हक्क घेतलेले होते, पैसा होता. जी एकच गोष्ट विकत घेतां येत नाहीं ती, म्हणजे कर्त्याला लागणारा वेळ, तेवढी नव्हती.

ॲक्टिव्हिजनवरहि या मंदीचा घाव बसला. संस्थापक एकेक करून गेले, मध्यंतरीं नांव बदललें, दिवाळखोरीपर्यंत मजल गेली, आणि १९९० नंतर नव्या चालकांच्या हातीं ती पुन्हा उभी राहिली. ही दुसरी ॲक्टिव्हिजन निराळ्या वृत्तीची होती. तिनें एकामागून एक लहान स्टुडिओ विकत घेतले. २००८ सालीं व्हिव्हेंडी या फ्रेंच कंपनीच्या खेळविभागाशीं तिचें एकीकरण होऊन ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही प्रचंड संस्था झाली. तिचें मुख्य धन म्हणजे ‘कॉल ऑफ ड्यूटी’ ही युद्धाच्या खेळांची मालिका. हिचा पहिला खेळ इन्फिनिटी वॉर्ड या स्टुडिओनें २००३ सालीं केला. २००५ पासून २०२५ पर्यंत एकहि वर्ष खंड न पडतां या मालिकेचा नवा खेळ निघत आला आहे. शेतांत दर वर्षीं एकच पीक घेतलें तर जमिनीचें काय होतें, तें शेतकऱ्यास विचारावें.

२०१० सालीं याच स्टुडिओच्या दोघां प्रमुखांना, जेसन वेस्ट व व्हिन्स झाम्पेला यांना, करारभंगाच्या आरोपावरून काढण्यांत आलें. प्रकरण कोर्टांत गेलें व २०१२ सालीं आपसांत मिटलें. त्या दोघांनीं रिस्पॉन नांवाची नवी संस्था काढली होती. तीहि २०१७ सालीं इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या दुसऱ्या बड्या कंपनीनें विकत घेतली. १९७९ चें नाटक त्याच संहितेवर पुन्हा रंगलें. फक्त या खेपेस अटारीची भूमिका ॲक्टिव्हिजननें केली.

असें वारंवार कां होतें? मोठ्या कंपनीचे चालक अरसिक किंवा दुष्ट असतात म्हणून होतें, असें समजणें सोपें आहे. पण तें बरोबर नाहीं. येथें थोडा हिशेब पाहूं. २०२३ सालीं अमेरिकेंतील एका खटल्यांत सोनी कंपनीच्या कागदांवरील गुप्त आंकडे काळ्या शाईनें नीट झांकले न गेल्यामुळें लोकांस वाचतां आले. त्यांवरून ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ या एका खेळावर ३०० माणसांनीं पांच वर्षें काम केलें आणि २१ कोटि २० लाख डॉलर खर्च झाला, असें दिसून आलें. एवढी रक्कम ज्याच्या सहीनें खर्च व्हावयाची आहे, तो मनुष्य प्रथम विचारणार, हा खेळ कशासारखा आहे? पूर्वीं खपलेल्या एखाद्या खेळासारखा असेल तर त्याचा अंदाज बांधतां येतो. खरोखर नवा असेल तर तो कशासारखाच नसतो. त्याच्या बाजूनें दाखवावयास आंकडाच नसतो. म्हणून शहाणा, सावध आणि प्रामाणिक अधिकारीहि जुन्या खेळाचा पुढचा भाग मंजूर करतो. यांत कोणाचा दोष नाहीं. रकमेचा गुण आहे.

दुसरें कारण याहून महत्त्वाचें आहे. स्वतंत्र असे दहा मालक असले म्हणजे नव्या कल्पनेला दहा दारें असतात. नऊ जणांनीं ती परत केली तरी दहावा घेतो. हा दहावा बाकीच्यांपेक्षां शहाणा असतोच असें नाहीं. त्याची आवड निराळी असते, किंवा त्याची चूक निराळी असते, इतकेंच. कलेचें संरक्षण मालकांच्या शहाणपणानें होत नाहीं, त्यांच्या वेगळेपणानें होतें. दहांचे तीन मालक झाले म्हणजे दारें कमी होतात आणि एकाचा नकार सर्वांचा नकार होऊन बसतो.

तिसरें कारण असें, कीं विकत घेणाऱ्याच्या हातीं नांव येतें, हक्क येतात, इमारत येते. परंतु दहा वर्षें एकत्र काम करून जो मेळ जमलेला असतो, तो खरेदीखतानें येत नाहीं. टॉइज फॉर बॉब या स्टुडिओचें उदाहरण घ्या. खेळकर, हंसऱ्या पात्रांचे खेळ करण्यांत त्याचा हातखंडा. २०२० सालीं त्यानें ‘क्रॅश बँडिकूट’ या लोकप्रिय मालिकेचा चौथा भाग केला; आणि २०२१ सालीं ॲक्टिव्हिजननें त्यालाहि ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या कामाला लावलें. विनोदी नटास जन्मभर भालदार-चोपदाराचें काम द्यावें, तसें हें झालें. २०२४ सालीं तो स्टुडिओ पुन्हा स्वतंत्र झाला.

आतां या चरित्राचें शेवटचें प्रकरण. १८ जानेवारी २०२२ रोजीं मायक्रोसॉफ्टनें ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६८ अब्ज ७० कोटि डॉलरांस घेण्याचा करार जाहीर केला. खेळांच्या धंद्यांत तोंवर एवढा सौदा झालेला नव्हता. अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगानें त्यास हरकत घेतली. ब्रिटनच्या स्पर्धा-नियामकांनीं तो प्रथम अडविला. आणि कांहीं हक्क युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीस देऊन तो १३ ऑक्टोबर २०२३ रोजीं पुरा झाला. या वादाचा मुख्य भर कशावर होता? ‘कॉल ऑफ ड्यूटी’ प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर मिळेल कीं नाहीं, आणि इंटरनेटवरून खेळ पुरविण्याचा बाजार एकाच्या हातीं जाईल काय, यावर. हे प्रश्न योग्यच होते. परंतु जो खेळ अद्यापि कोणी रचलेलाच नाहीं, त्याच्या वतीनें वकीलपत्र कोण घेणार? किंमत मोजण्याचें माप कायद्यापाशीं आहे. न जन्मलेल्या कलाकृतीची हानि मोजण्याचें माप नाहीं.

सौद्यानंतर तीन महिन्यांनीं, जानेवारी २०२४ मध्यें, मायक्रोसॉफ्टच्या खेळविभागांतील १,९०० माणसांना काढल्याचें जाहीर झालें. त्याच वर्षीं मे महिन्यांत, आधींच्या एका खरेदींत मिळालेले कांहीं स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय झाला. त्यांत जपानमधील टँगो गेमवर्क्स हाहि होता. या स्टुडिओचा ‘हाय-फाय रश’ हा खेळ २०२३ च्या जानेवारींत निघाला होता. त्यांत लढाईचा प्रत्येक घाव संगीताच्या तालावर पडतो. कल्पना नवी, आणि जाणकारांनीं तिचें मनापासून कौतुक केलेलें. चांगलें काम हें नोकरीचें संरक्षण असतें, ही समजूत त्या दिवशीं पुष्कळांच्या मनांतून गेली. पुढें क्राफ्टन या कोरियन कंपनीनें तो स्टुडिओ व त्या खेळाचे हक्क घेतले, म्हणून ती दिवटी विझतां विझतां राहिली.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहीं तर हें भाषण एकांगी होईल. डबल फाइन हा लहान स्टुडिओ ‘सायकोनॉट्स’ या खेळाचा दुसरा भाग लोकवर्गणी व इतर मदत यांवर करीत होता. पैशाअभावीं त्यांतील कांहीं प्रसंग गाळावे लागणार होते. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें तो स्टुडिओ घेतला, गाळलेले प्रसंग परत आले, आणि २०२१ सालीं खेळ मनासारखा पुरा झाला. मोठें भांडवल हें स्वभावतःच कलेचें वैरी नाहीं. तें धीर धरतें तेव्हां आश्रयदाता असतें. घाई करतें तेव्हां सावकार होतें.

कल्पनेचा झरा आटलेला नाहीं, हेंहि खरें. अमेरिकेंत एरिक बॅरोन या एकट्या तरुणानें चार-साडेचार वर्षें खपून ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा साधा, शांत खेळ रचला; २०१६ पासून २०२४ अखेर त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. फ्रान्समध्यें युबिसॉफ्टची नोकरी सोडलेल्या गियोम ब्रोश यांनीं सोबती जमवून लहानसा स्टुडिओ काढला, आणि त्यांचा ‘क्लेअर ऑब्स्क्युअर’ हा खेळ २०२५ सालीं त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून गौरविला गेला. यावर कोणी म्हणेल, मग चिंता कशाची? एक दार बंद झालें तर कलावंत दुसरें उघडतोच. उत्तर असें, कीं ज्याच्या गांठीं चार वर्षांची शिल्लक आहे तोच उघडतो. ज्याच्यावर घराचें भाडें आणि आईबापांचें औषधपाणी अवलंबून आहे, तो दुसरी नोकरी पाहतो. आणि त्याच्या मनांतला खेळ मनांतच राहतो. जे यशस्वी झाले त्यांचीं नांवें आपण मोजतों. जे मध्येंच थांबले त्यांची मोजदाद होत नाहीं.

ही गोष्ट सातासमुद्रांपलीकडचीच आहे, असें मात्र नाहीं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या मालिकेंतील २००३ च्या एका प्रसिद्ध खेळाचा नवा अवतार करण्याचें काम युबिसॉफ्टच्या पुणें व मुंबई येथील शाखांकडे असल्याचें सप्टेंबर २०२० मध्यें जाहीर झालें. खेळाच्या पहिल्या दर्शनावर टीका झाली, तारखा लांबल्या, आणि २०२२ सालीं तें काम कॅनडांतील माँट्रियल शाखेकडे गेलें. मालकी दूरची असली म्हणजे यशापयशाची परीक्षा पुरी होण्यापूर्वींच निकाल दूरच्या कचेरींत लागतो.

त्याच २०२० सालीं पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या लहान मंडळीनें ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. आपल्या पुराणकथांचें वातावरण, मध्ययुगीन राजवाड्यांची धाटणी, आणि भावाला सोडविण्यासाठीं दैत्यांशीं झुंजणारी एक मुलगी, हें त्याचें कथानक. २०१७ सालीं त्यासाठीं जाहीर वर्गणीचा प्रयत्न झाला होता, पण ठरविलेली रक्कम जमली नाहीं. तरीहि मंडळीनें काम टाकलें नाहीं. आणि त्या वर्षींच्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्तम खेळांमध्यें ‘राजी’चें नांव निवडलें गेलें. दोन्ही ठिकाणीं काम करणारीं माणसें याच मातीचीं. फरक बुद्धीचा नव्हता. शेवटचा शब्द कोणाचा, याचा होता.

मग सुजाण कुटुंबांनीं काय करावें? बड्या कंपन्यांचे सौदे आपणांस थांबवितां येणार नाहींत. परंतु पुस्तक जसें लेखक पाहून घेतों, तसा खेळहि कर्ता पाहून घेतां येईल. हल्लीं बहुतेक खेळांच्या शेवटीं करणाऱ्यांची नामावलि पडद्यावर सरकत जाते. ती चालू असतां यंत्र बंद करूं नये. मुलांबरोबर बसून वाचावी. मुलानें नवा खेळ मागितला तर तो कोणी केला, त्यानें पूर्वीं काय केलें, हें त्यालाच शोधावयास सांगावें. दोन खेळ घ्यावयाचे असले तर त्यांतला एक लहान मंडळीचा घ्यावा. चार तरुणांनीं एके काळीं आपल्या नांवासाठीं नोकरी सोडली, म्हणून ही नामावलि आज आपल्यापुढें येते. ती वाचणारा कोणी असेल, तरच पुढचें नांव तींत लिहिलें जाईल.